अठरा मिनिटांचे दारूकाम, पंधरा सेकंदांत खलास



जत्रेचा हंगाम जवळ आला की गावच्या पारावर दोन वाद ठरलेले असतात. तमाशा कोणाचा आणायचा हा पहिला, आणि दारूकाम किती रुपयांचे करायचे हा दुसरा. पहिल्या वादात मी पडत नाही. दुसऱ्याविषयी मात्र आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारण हल्ली दारूकामाचा ठेका घेणारा माणूस पंचांपुढे बसून एक नवे वाक्य बोलू लागला आहे. तो म्हणतो, "पलिते घेऊन पळायचे दिवस गेले आता, पाटील. सगळे बटनावर. कॉम्प्युटरच उडवतो. काळजीच नाही." लग्नाच्या मांडवात नवरानवरी आत येताना दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडतात, ती कोपऱ्यातला पोरगा हातातल्या रिमोटने उडवतो, हे तुम्हीही पाहिले असेल. तेव्हा ठेकेदाराचे म्हणणे खोटे नाही. फक्त "काळजीच नाही" हे शेवटचे दोन शब्द तेवढे तपासून घ्यायला हवेत.

त्यासाठी थोडे लांब जाऊ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ सॅन दिएगो नावाचे बंदराचे शहर आहे. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या रात्री तिथे गावोगाव दारूकाम होते, आणि सॅन दिएगोचे तर त्या भागात नावाजलेले. २०१२ सालची गोष्ट. खाडीच्या पाण्यात चार मोठे तराफे नांगरून ठेवलेले आणि पाचवी जागा समुद्रात गेलेल्या एका धक्क्यावर. या पाच जागी मिळून सुमारे सात हजार नग रचलेले होते. रात्री नऊला सुरुवात, सतरा-अठरा मिनिटांचा कार्यक्रम, सोबत रेडिओवर संगीत, आणि त्या संगीताच्या ठेक्यावर आभाळात फुले उमलणार, असा सारा बेत. किनाऱ्यावर लाखांनी माणसे जमलेली. पोरेबाळे, म्हातारीकोतारी, सतरंज्या, खाण्याचे डबे. आपल्या जत्रेसारखेच चित्र, फक्त कपडे वेगळे.

नऊला पाच मिनिटे कमी होती. माणसे अजून जागा धरत होती. तेवढ्यात पाण्यावर एकदम पांढरा लखलखाट झाला. तराफ्यांवरून प्रचंड आगीचे लोळ वर गेले, कानठळ्या बसवणारा एकच एक आवाज झाला आणि आभाळ धुराने भरून गेले. जेमतेम पंधरा-वीस सेकंद. मग अंधार. लोकांना वाटले, ही नुसती सलामी असेल, खरे दारूकाम आता सुरू होईल. लोक थांबून राहिले. बऱ्याच वेळाने जाहीर झाले की होते नव्हते ते सगळे उडून गेले, आता घरी जा. सात हजार नग, अठरा मिनिटांसाठी मोजून ठेवलेले, एका फटक्यात संपले होते.

सुदैव असे की एकालाही इजा झाली नाही. त्याचे कारण नुसते नशीब नव्हते, पण तिकडे मी नंतर येतो.

आधी हे चालते कसे ते पाहू. आपल्याकडे उखळी म्हणतात ना, जिच्यात दारू ठासून बार काढतात, तिचाच हा मोठा भाऊबंद. एका बाजूने बंद अशी जाड नळी उभी करायची. तिच्यात कागदाचा घट्ट गुंडाळलेला गोळा सोडायचा. गोळ्याच्या बुडाशी काळी दारू, ती पेटली की गोळा वर फेकला जातो. त्याच वेळी गोळ्याच्या पोटात जाणारी दुसरी, हळू जळणारी वात पेटते. गोळा वर पोचतो तोवर ती वात आतल्या दारूपर्यंत जाते आणि गोळा फुटतो. आतले तारे उधळतात. स्ट्रॉन्शियमचे क्षार तांबडा रंग देतात, बेरियमचे हिरवा, तांब्याचे निळा. नळीतून सुटल्यापासून फुटेपर्यंत लहान गोळ्याला दोन-तीन सेकंद लागतात, मोठ्याला पाच आणि त्याहून जास्त.

यातले बरेचसे ज्ञान जुने आहे. आपल्या एकनाथ महाराजांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त सोळाव्या शतकातच लग्नातल्या दारूकामाचे वर्णन आलेले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा पाचशे वर्षांचा इतिहास लिहिला, त्यात असे पुष्कळ दाखले गोळा केले आहेत. तेव्हा गोळा जुना, दारू जुनी. बदलली ती बत्ती.

पूर्वी बत्ती माणूस देत असे. लांब काठीला पलिता लावून तो नळ्यांच्या रांगेतून जाई, वातीला पलिता टेकवी आणि तोंड फिरवून मागे सरे. नळी फुटली किंवा गोळा आतच फुटला तर पहिला बळी तोच. हात गेलेले, डोळा गेलेले दारूवाले जुन्या माणसांनी पाहिलेले आहेत. म्हणून विजेची वात आली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोन तारा, त्यांच्या टोकाला केसासारखी बारीक तार, आणि तिच्यावर लगेच पेट घेणाऱ्या मसाल्याचा थेंब. प्रवाह सोडला की बारीक तार लाल होते, मसाला पेटतो, वात पेटते. डोळ्याचे पाते लवायच्या आत.

ज्यांच्या विहिरीला काळा खडक लागला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. सुरुंगाची विजेवरची टोपी अशीच असते. खाली सगळी भोके भरून झाली की माणसे वर येतात, लांब जातात, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला ब्लास्टर बटन दाबतो. विहिरीच्या कामातला हा शहाणपणाच दारूकामात आला.

आता नळ्या हजारो झाल्या तर बटने किती दाबणार? आणि कोणत्या वेळी? संगीताचा ठेका बाराव्या सेकंदाला पडणार असेल आणि गोळा फुटायला चार सेकंद लागत असतील, तर आठव्या सेकंदालाच प्रवाह सोडला पाहिजे. शेजारचा गोळा लहान असेल तर त्याला दहाव्या सेकंदाला. असे हजारो हिशेब माणसाच्या हातून होत नाहीत. इथे कॉम्प्युटर लागतो. घरी बसून कारागीर एक यादी तयार करतो: अमुक वेळी अमुक पेटीतली अमुक नंबरची वात. नळ्यांच्या जवळ छोट्या पेट्या ठेवलेल्या असतात, प्रत्येक पेटीला नंबर, प्रत्येक नळीला नंबर. मुख्य यंत्र वेळ मोजत जाते आणि तारेने किंवा रेडिओने पेट्यांना हुकूम देत जाते. मुनीमजी खातेवही बघून एकेकाला नावाने हाक मारतात तसा प्रकार.

सॅन दिएगोचा ठेका गार्डन स्टेट फायरवर्क्स या न्यू जर्सीच्या कंपनीकडे होता. १८९० सालापासूनचे हे घराणे, म्हणजे काल उठून बटन दाबायला आलेले पोरसवदा लोक नव्हेत. झाल्या प्रकाराची चौकशी करून कंपनीने स्वतःच कारण सांगितले, ते नीट ऐका, कारण सगळी गोम तिथे आहे.

अशा कार्यक्रमात हुकमांच्या दोन फायली असतात. एक मुख्य, एक राखीव. मुख्य फाईल ऐनवेळी दगा देईल, म्हणून राखीव. या दोन्हींवरून एक नवी फाईल तयार करून ती पाचही जागी पाठवायची होती. हे करताना कोठे तरी एक पायरी नको असताना जास्तीची घडली. त्यामुळे नव्या फायलीत एकाऐवजी दोन हुकूमनामे जाऊन बसले. सुरुवातीचा आदेश गेला तेव्हा यंत्राने फाईल उघडली, त्यात दोन संच दिसले, आणि ते सगळे एकाच वेळी अमलात आणले. कंपनीच्या म्हणण्याचा सारांश असा की, फायलीला जे आपले काम वाटले ते तिने तंतोतंत केले.

म्हणजे बघा, यंत्र बिघडले नव्हते. तार तुटली नव्हती, पाणी शिरले नव्हते, दारू सर्द नव्हती.  आणि नुकसान कशाने झाले, तर नुकसान होऊ नये म्हणून जी राखीव सोय केली होती तिनेच!

आपल्या घरात बियाण्याचे धान्य वेगळ्या कणगीत असते. खायची ज्वारी संपली तरी आजी त्या कणगीला हात लावू देत नाही. आणि दोन्ही धान्ये एका कणगीत ओतली तर? मग बियाणे कोणते आणि खायचे कोणते हे देवालाही सांगता येणार नाही. राखीव वस्तू ही राखीव तेव्हाच, जेव्हा ती मुख्य वस्तूपासून वेगळी असते. सॅन दिएगोला दोन कणग्या एक झाल्या.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. जागा पाच होत्या, एकमेकींपासून दूर. जुन्या पद्धतीने पाच ठिकाणी पाच दारूवाले असते, तर एखाद्याची चूक झाली असती, घाईत एखाद्याने आधीच पलिता लावला असता. बाकीच्या चार जागा शाबूत राहिल्या असत्या. पण इथे पाचही जागी एकच फाईल गेली होती. चूकही पाचही जागी पोचली. काम सोपे व्हावे म्हणून आपण सगळ्या दोऱ्या एका हातात देतो, आणि मग तो एक हात हलला की सगळ्या बाहुल्या हलतात.

शेतकऱ्याला हे नवीन नाही. पंपाचा आटो-स्टार्टर घ्या. रात्री दोनला थ्री फेज येते. थंडीत उठून जायला नको, म्हणून आपण आटो लावून ठेवतो. वीज आली की पंप आपोआप सुरू. एका शेतकऱ्याच्या दृष्टीने फार सोयीचे. पण एका डीपीवरच्या पंधरा-वीस जणांनी तेच केलेले असते. वीज येते त्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उचल खातात. मोटर सुरू होताना चालू मोटरीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. डीपीचा फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि मग आठ-दहा दिवस सगळेच कोरडे. वीज कंपनी आटो-स्टार्टर लावू नका म्हणून वर्षानुवर्षे सांगते ती याचसाठी. तिथेही कोणाची मोटर खराब नसते. प्रत्येक स्टार्टर आपले काम चोख करत असतो. सगळे एकदम करतात, एवढाच दोष.

यंत्राला "एकदम" या शब्दाची भीती नसते. माणसाला असते. पलिता हातात घेतलेला दारूवाला समोरून एखादे पोर धावत आले तर हात आखडता घेतो. वारा फिरला तर थांबतो. दोन नळ्या वाकड्या झालेल्या दिसल्या तर ओरडतो. यंत्राच्या यादीत "पोर धावत आले तर" असे काही लिहिलेले नसते. म्हणून चांगल्या यंत्रांना एक असे बटन असते की माणसाने ते दाबून धरले तरच कार्यक्रम पुढे चालतो. बोट उचलले की सगळे थांबते. फार शहाणपणाची सोय आहे ती. मात्र अठरा मिनिटांचे काम पंधरा सेकंदांत उरकू लागले, तर बोट तरी किती लवकर उचलणार? काय चालले आहे हे उमगेपर्यंत अर्धे उडून गेलेले असते.

सॅन दिएगोच्या आदल्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये असेच झाले होते. ओबन हे तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरचे छोटे गाव. ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरच्या सुमारास दारूकाम करण्याची फार जुनी चाल आहे. १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्याची ती आठवण. २०११ च्या नोव्हेंबरात ओबनला वीस मिनिटांच्या वर चालणारे दारूकाम यंत्राच्या घोटाळ्याने अवघ्या पन्नास सेकंदांत संपले. गंमत अशी की त्या पन्नास सेकंदांचे चित्रण जगभर पाहिले गेले. नीट झाले असते तर ओबनचे नाव तुम्हीआम्ही कशाला घेतले असते?

उलट प्रकारही होतो. अमेरिकेतच सिअॅटल शहरात स्पेस नीडल नावाचा १८४ मीटर उंचीचा मनोरा आहे. २००८ सालाच्या स्वागताला, मध्यरात्री त्या मनोऱ्यावरून दारूकाम सुरू झाले आणि मध्येच बंद पडले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. कॉम्प्युटरची फाईल खराब झाली होती. तेव्हा तिथल्या माणसांनी यंत्र बाजूला ठेवून उरलेले काम हाताने बटने दाबून पुरे केले. संगीताचा मेळ गेला, पण लोकांना दारूकाम पाहायला मिळाले. मला विचाराल तर, ही नापास झालेली परीक्षा नाही. यंत्र अडले तेव्हा ते थांबले, आणि ज्याला काम हाताने करता येत होते तो माणूस जागेवर होता. बिघाड व्हायचाच असेल तर असा व्हावा.

आता कॉम्प्युटरलाच सगळा दोष देऊ नका. सॅन दिएगोच्या पुढच्याच वर्षी, ४ जुलै २०१३ ला, कॅलिफोर्नियातल्याच सिमी व्हॅली या गावी एक गोळा नळीतच फुटला. त्या दणक्याने शेजारच्या नळ्या आडव्या झाल्या आणि त्यांतले गोळे वर जायचे ते सरळ माणसांत घुसले. तीन डझनांवर माणसे जखमी झाली, त्यांत लहान मुले होती. तिथे प्रश्न फायलीचा नव्हता. नळ्या किती भक्कम रोवल्या, चौकट कशी ठोकली, एक फुटली तर बाकीच्या पडू नयेत म्हणून काय केले, असे सुताराच्या आणि गवंड्याच्या कामाचे प्रश्न होते.

आणि आपल्या देशातली मोठी जखम तर त्याहून जुन्या दोषाची आहे. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या परवूरच्या पुट्टिंगल देवीच्या मंदिरात दारूकाम चालू होते. जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती, तरी चालू होते. ठिणगी जवळच साठवून ठेवलेल्या दारूवर पडली. शंभरावर माणसे गेली. कॉम्प्युटर नाही, रिमोट नाही. उडवायची जागा आणि साठवायची जागा जवळजवळ, एवढेच. पंचमंडळींनो, ठेकेदार यंत्राच्या गोष्टी सांगत असेल तेव्हा त्याला मध्येच थांबवून हे विचारा की, बाबा, तुझा टेम्पो कुठे उभा राहणार? उरलेला माल कशाखाली झाकणार?

आता सॅन दिएगोला कोणाला इजा का झाली नाही, ते सांगतो म्हणालो होतो. अमेरिकेत अंतराचा एक साधा नियम आहे. नळीच्या तोंडाच्या दर इंचाला सत्तर फूट. तीन इंची गोळा असेल तर प्रेक्षक निदान दोनशे दहा फूट लांब. सहा इंची असेल तर चारशे वीस. दहा इंची असेल तर सातशे फूट, म्हणजे दोनशे मीटरच्या वर. या हिशेबात कॉम्प्युटर आहे की पलिता, याला किंमतच नाही. तराफे पाण्यात होते, माणसे किनाऱ्यावर होती, मध्ये खाडी होती. सगळे हुकूम चुकले, वेळ चुकली, फाईल चुकली. अंतर तेवढे चुकले नव्हते, आणि ते कोणत्याही फायलीत लिहिलेले नव्हते. ते पाण्यात नांगर टाकतानाच ठरले होते.

आपल्या जत्रेत काय असते? देवळाचा पटांगणाचा तुकडा, एका बाजूला पाळणे, दुसऱ्या बाजूला भेळेच्या गाड्या, आणि मध्ये बांबू लावून दोरी. दोरीच्या आत पोरे. तीन इंची गोळ्याला दोनशे दहा फूट म्हणजे सुमारे चौसष्ट मीटर; मोठ्या माणसाच्या पावलाने ऐंशी-नव्वद पावले. ती आधी दिवसा मोजून पाहा. जागा नसेल तर गोळे नकोत. भुईनळे, चक्रे, झाडे असे जमिनीवरचे दारूकाम करा, शोभा त्यालाही असते. आसपास कडब्याची गंज किंवा पाचटाचे छप्पर असेल तर वाऱ्याची दिशा बघून तेवढ्या बाजूला आणखी मोकळी जागा सोडावी लागते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे. जाहीर दारूकामाला प्रशासनाची परवानगी लागते, ती कागदावर आहे का हेही पाहा. या स्फोटक कायद्याची अंमलबजावणी बघणारे केंद्र सरकारचे मुख्य कार्यालय काही दिल्लीत नाही, आपल्या नागपुरात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

विजेच्या वातीचे आणखी एक पथ्य आहे. जिला थोडासा प्रवाह पुरतो, तिला तो कोठूनही मिळाला तरी चालतो. जाणता ब्लास्टर आभाळ गडगडू लागले की टोप्या जोडायचे काम सोडून देतो, आणि तारांची टोके एकमेकांना पिळून ठेवतो, ते याचसाठी. दारूकामालाही तेच लागू. जोडणी बरोबर आहे की नाही हे तपासायचे मीटरही अगदी सूक्ष्म प्रवाहाचे असते; कोणी साधी बॅटरी आणि बल्ब लावून तार तपासू लागला, तर तपासणीतच गोळा सुटेल. ४ जुलै २०२१ ला अमेरिकेतल्या ओशन सिटी या किनाऱ्यावरच्या गावी रात्रीच्या दारूकामाचा माल दिवसा, तयारी चालू असतानाच, वाळूवर उडाला. काम करणाऱ्या काही जणांना किरकोळ इजा झाल्या आणि रात्रीचा कार्यक्रम रद्द झाला. म्हणून मांडणी चालू असल्यापासूनच त्या जागी पोरे फिरकू देऊ नयेत. खरे तर तीच वेळ पोरांच्या सर्वांत आवडीची असते. नळ्या कशा रोवतात, तारा कशा जोडतात, हे बघायला ती गोल करून बसतात. शाळेच्या गुरुजींनी त्यांना आदल्या दिवशीच सांगितलेले बरे. गुरुजींचे ऐकतात, पंचांचे ऐकत नाहीत.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. विहिरीवर सुरुंग उडतात तेव्हा जुना ब्लास्टर बोटे मोजत उभा असतो. सात भोके भरली, आवाज सहाच आले, तर तो कोणाला विहिरीत उतरू देत नाही. मालक कितीही घाई करो. एक बार खाली जिवंत आहे हे त्याला मोजणीने कळलेले असते. दारूकामात शेकडो नग असतील तर कोण मोजणार? नव्या यंत्रातल्या चांगल्या यंत्रांवर कोणती वात पेटलीच नाही ते दिसते, तेवढा उपयोग करून घ्यावा. पण वात पेटली, गोळा वर गेला आणि न फुटता खाली आला, तर ते यंत्राला कळत नाही. तो गोळा अंधारात कोणाच्या तरी रानात पडलेला असतो, ऊसात, हरभऱ्यात, विहिरीच्या काठाला.

परदेशात असा नियम आहे की दारूकाम संपले की ठेकेदाराच्या माणसांनी ती जागा धुंडायची, आणि रात्री केले असेल तर दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा एकदा धुंडायची. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी उजाडताच कोण जाते? गावची पोरे. रंगीत कागद, नळ्या, न उडालेले बार गोळा करायला. त्यातला एखादा घरी आणून, फोडून, दारू कागदावर ओततात आणि काडी लावतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात भाजलेले हात येतात ते असे.

तेव्हा ठेका देताना एक कलम घालून घ्या: पहाटे पाच वाजता ठेकेदाराची दोन माणसे गावात असली पाहिजेत आणि पोरे उठायच्या आत त्यांनी आसपासची राने पालथी घातली पाहिजेत. त्या माणसांचा मुक्काम आणि सकाळचा चहा पंचांकडे. न फुटलेला गोळा दिसला तर आपण उचलायचा नाही, काठीने ढोसायचा नाही. खूण करायची, लांब उभे राहायचे आणि त्यांना हाक मारायची. आणि शेवटचा हप्ता त्याच सकाळी, रान बघून झाल्यावर द्या. आधी दिलात तर पहाटे टेम्पो गावात दिसणार नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

गार्डन स्टेटवाल्यांनी पुढच्या वर्षी, २०१३ साली, सॅन दिएगोचे दारूकाम पैसे न घेता करून दिले. ते वेळेवर सुरू झाले आणि ठरल्या वेळेपर्यंत चालले.

आटो-स्टार्टरचा विषय ओघात निघाला आहे, तर डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊ नयेत म्हणून प्रत्येक स्टार्टरला काही मिनिटांचा मागेपुढे विलंब कसा लावून घेता येतो, त्याला काय खर्च येतो आणि शेजाऱ्यांनी आपसांत नंबर कसे वाटून घ्यावेत, हे पुढच्या अंकात पाहू.